वाटाघाटींची स्पर्धा आणि मांडवलीचा धोका

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही वकील मंडळींनी एका जिल्ह्याच्या ठिकाणी विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी वाटाघाटींची स्पर्धा घ्यायचे ठरविले, तेव्हा पहिला विरोध झाला तो आमच्याच माणसांकडून. नियोजनाच्या पहिल्या बैठकीत, नामांतराच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले. आम्ही सारे त्यांना बापू म्हणतो. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही आयुष्यभर पोरांना लढायला शिकवलं. आता तुम्ही त्यांना मिटवायला शिकवणार का?"

बापूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खेड्यापाड्यात अत्याचार घडला की फिर्याद नोंदवायच्या आधीच गावातली बडी मंडळी वस्तीत येतात. "आपसात मिटवून घ्या, शेवटी गावातच राहायचं आहे ना?" असे सांगतात. चार पैसे पुढे सरकवले जातात. नाही ऐकले तर रोजगार बंद, किराणा बंद, पिठाची गिरणी बंद. मग साक्षीदार फितूर होतात, खटला निर्दोष सुटतो आणि वर 'अ‍ॅट्रॉसिटीचा गैरवापर' म्हणून आमच्याच माथी खापर फुटते. मुंबईच्या भाषेत ज्याला मांडवली म्हणतात तिचा आमच्या समाजाला आलेला अनुभव हा असा आहे. 'तडजोड' हा शब्द ऐकताच आमची माणसे सावध होतात, यात त्यांचे काय चुकले?

तरीही आम्ही स्पर्धा घेतली. कारण न्यायव्यवस्थेचा सारा ओघ आज न्यायालयाच्या कठड्याकडून टेबलाकडे वळलेला आहे, आणि त्या टेबलाशी आमची मुले अडाणीपणाने बसावीत हे आम्हांला परवडणारे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ जुलै २००२ पासून अमलात आले आणि न्यायालयांना वाद मध्यस्थीकडे पाठविण्याची वाट मोकळी झाली. व्यापारी वादांत दाव्यापूर्वीची मध्यस्थी २०१८ मध्ये कायद्यात आली. तातडीच्या मनाईची मागणी नसेल तर ती सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र मध्यस्थता कायदाच केला आणि १२० दिवसांची मुदत घातली, फार तर आणखी ६० दिवस. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने नव्वद दिवसांची देशव्यापी मोहीम राबवून तालुका न्यायालयांपर्यंतचे प्रलंबित वाद मध्यस्थीसाठी वेगळे काढले. म्हणजे उद्या आमच्या वस्तीतल्या बाईचा पोटगीचा दावा असो, सफाई कामगाराचा थकीत पगार असो की वारसाहक्काचा तुकडा असो, निकाल लागण्याआधी कुणीतरी त्यांना एका खोलीत बसवून विचारणार आहे, "तुम्हांला नेमकं काय हवं?" त्या वेळी त्यांच्या शेजारी बसलेल्या वकिलाला बोलता आले पाहिजे.

हे बोलणे शिकविले कुठे जाते? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पर्यायी वादनिवारण हा विषय विधी अभ्यासक्रमात सक्तीचा आहे, आणि तो प्रात्यक्षिकाचा विषय आहे. प्रत्यक्षात बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत त्याची एक वही होते, ती एका रात्रीत एकाची पाहून दुसऱ्याने उतरवलेली असते आणि तोंडी परीक्षेत दोन व्याख्या विचारल्या की विषय संपतो. दुसरीकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली मुले वर्षाला चार-चार स्पर्धांना जातात. जगभरातील विधी विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय वाटाघाटी स्पर्धा गेली पंचवीसहून अधिक वर्षे भरते. पॅरिसला २००६ पासून व्यापारी मध्यस्थीची स्पर्धा होते. शेजारच्या गोव्यात पणजीच्या साळगावकर विधी महाविद्यालयाची मध्यस्थी स्पर्धा विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. या उपक्रमांना आमचा आक्षेप नाही, तिथली शिस्त घेण्यासारखी आहे. पण इंग्रजी, नोंदणी शुल्क, रेल्वेभाडे, काळा कोट आणि दोन रात्रींचा मुक्काम एवढे ओलांडून शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहणारा आमचा विद्यार्थी तिथे पोहोचणार कसा? म्हणून आम्ही मराठीतून, बिनशुल्क आणि एकाच दिवसात उरकणारी स्पर्धा ठरविली.

ज्यांनी असा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अभिरूप न्यायालयात दोन्ही बाजू न्यायाधीशाशी बोलतात. इथे त्या एकमेकांशी बोलतात. दोन-दोन विद्यार्थ्यांचे दोन संघ समोरासमोर बसतात. वादाची सामाईक हकीकत दोघांना दिलेली असते आणि शिवाय प्रत्येक संघाला आपापल्या पक्षकाराच्या गुप्त सूचना असतात, ज्या समोरच्याला ठाऊक नसतात. पन्नास मिनिटे वाटाघाट चालते, मध्ये पाच मिनिटे बाहेर जाऊन आपसात बोलता येते. त्यानंतर समोरच्या संघाला बाहेर पाठवून परीक्षक विचारतात, उद्या हेच प्रकरण पुन्हा आले तर काय वेगळे कराल? या दहा मिनिटांच्या आत्मपरीक्षणालाही गुण असतात. करार झालाच पाहिजे अशी अट नसते. पक्षकाराचे नुकसान होत असेल तर उठून येणे हेही यश धरले जाते. आम्ही बापूंना हे शेवटचे वाक्य दोनदा सांगितले.

बाबासाहेबांच्या अनुयायांना हा विषय परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला जे घडले ती या देशाच्या इतिहासातली सर्वांत विषम वाटाघाट होती. समोरच्या बाजूने स्वतःचा प्राण टेबलावर ठेवला होता आणि बोलणी फिसकटली असती तर त्याची किंमत खेड्याखेड्यांतल्या अस्पृश्य वस्त्यांनी मोजली असती. त्या दडपणाखालीही बाबासाहेबांनी प्रांतवार आकडे मागितले, पॅनेलच्या प्राथमिक निवडणुकीची योजना स्वीकारली, आणि जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या ठिकाणी १४८ जागा लिहून घेतल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेला ही जखम राहिलीच. त्यांनी स्वतःही ती कधी झाकली नाही. आम्ही स्पर्धेपूर्वीच्या कार्यशाळेत मुलांना जातीय निवाडा आणि पुणे करार शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावले. काय मिळाले, काय गेले, आणि बोलणी मोडली असती तर हातात काय उरले असते, असे तीन रकाने पाडायला सांगितले. तिसरा रकाना भरताना वर्गात कुणी बोलत नव्हते. अमेरिकेत फिशर आणि युरी या जोडीने १९८१ मध्ये वाटाघाटींवर पुस्तक लिहून हा तिसरा रकाना जगभर शिकविला. आमच्या मुलांना तो येरवड्यात सापडला.

परंतु आम्हांला १९३८ चा प्रसंग त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि चळवळीत त्याची चर्चा कमी होते. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले. त्यात मालक-कामगार समेट सक्तीचा होता आणि समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो गुन्हा ठरणार होता. वरवर पाहता विधेयक शांततेचे, बोलण्याचे, समजुतीचे होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांसह संप घडवून आणला. त्यांचे म्हणणे होते की संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, आणि काम सोडण्याला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे आहे. हेच बाबासाहेब १९४२ मध्ये मजूरमंत्री झाल्यावर सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्ष होते. यात विसंगती नाही. ज्याच्या हातात 'नाही' म्हणण्याची ताकद शिल्लक आहे त्यालाच बोलायला बसवा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

आता स्पर्धेकडे येतो. बाहेरच्या स्पर्धांतली प्रकरणे दोन कंपन्यांच्या भागीदारीची, क्रिकेटपटूच्या जाहिरातीच्या कराराची असतात. आम्ही पहिल्या फेरीसाठी ऊसतोडीचे प्रकरण लिहिले. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, हंगामाआधी मुकादमाकडून एक लाख रुपये उचल घेतली. तीन महिन्यांनी बाई आजारी पडली आणि जोडी गावी परतली. मुकादम म्हणतो साठ हजार फिटायचे आहेत, आणि तोवर त्यांची मोटारसायकल त्याने अडकवून ठेवली आहे. वजनाच्या पावत्या त्याच्याचकडे. मजुराच्या संघाला गुप्त सूचना अशी की बाईच्या उपचाराला पैसे हवेत आणि पुढच्या हंगामाला दुसरे काम दिसत नाही. मुकादमाच्या संघाला गुप्त सूचना अशी की कारखान्याने त्याच्याशी केलेल्या करारात वीस कोयते कमी पडत आहेत, तो स्वतःच कर्जात आहे, आणि त्याला पैशांपेक्षा माणसांची गरज अधिक आहे.

बहुतेक संघांनी काय केले? साठाचे पस्तीस केले, सोपे हप्ते पाडले, हात मिळविले आणि समाधानाने उठले. परीक्षकांत माथाडी कामगारांमध्ये उभी हयात घालविलेले एक कार्यकर्ते होते. (वाटाघाटींचे परीक्षक म्हणून आम्हां वकिलांपेक्षा कामगार संघटनेचा माणूस शंभर पटींनी बरा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.) त्यांनी प्रत्येक संघाला एकच प्रश्न विचारला, "हे साठ हजार देणं लागतं, हे तुम्हांला कुणी सांगितलं?" मुले गोंधळली. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचलीपोटी माणूस कामाला जखडला असेल तर ते वेठबिगारीचे कर्ज ठरते, कलम ६ नुसार ते फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते, आणि असे संपलेले कर्ज वसूल करणे हा कलम ९ खाली तुरुंगवासाला पात्र गुन्हा आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये असेही म्हटले आहे की सक्तीने काम करून घेतल्याचे दिसले तर ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे. आमच्या प्रकरणात तो कायदा लागू होतो की नाही यावर वाद घालता येईल. पण हा वाद घातलाच नाही तर बोलणी साठ हजारांपासून सुरू होतात, आणि मुकादमाने टाकलेल्या रेघेवरच मजूर मागे-पुढे सरकत राहतो.

एकाच संघाने, एका तालुक्याच्या महाविद्यालयातल्या दोन मुलींनी, सुरुवातीला पावत्या मागितल्या. हिशेब दाखवा, मोटारसायकल आज परत करा, मग पुढचे बोलू. त्यांनी १९७६ चा कायदा धमकी म्हणून आपटला नाही, शांतपणे नमूद केला. आणि मग पुढच्या हंगामाचा टनाचा दर, उचलीची लेखी नोंद आणि आजारपणाची रजा यांवर बोलणी वळविली. मुकादमाचा संघ वीस कोयत्यांच्या चिंतेत होताच. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या बैठकीत ३४ टक्के दरवाढीचा करार झाला, तोही त्या मुलींनी वाचून आणला होता. घरी कुणी कोयता धरलेला आहे का, असे आम्ही त्यांना विचारले नाही.

त्याच फेरीत दुसऱ्या एका टेबलावर जे घडले ते आमच्या मनातून जात नाही. मजुराच्या बाजूचे दोघे मुकादमाच्या वकिलांना शेवटपर्यंत "साहेब, साहेब" म्हणत होते. समोरचे दोघे त्यांना "अरे, तू असं बघ" म्हणत होते. चौघेही विद्यार्थी, एकाच वयाचे, एकाच वर्षाला शिकणारे. भूमिका हातात पडताच जिभेने आपोआप आपली जागा घेतली. आत्मपरीक्षणात परीक्षकांनी विचारले, काय वेगळे कराल? त्यातला एक मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मी पहिल्यांदा साहेब म्हणालो तिथंच आमचे दहा हजार गेले." त्याला त्या फेरीत सर्वांत जास्त आत्मपरीक्षणाचे गुण मिळाले. तो संघ मात्र पुढे गेला नाही.

अंतिम फेरीत आमची स्वतःची चूक उघडी पडली. प्रकरण होते वस्तीच्या स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेचे. वाट एका बागायतदाराच्या शेताच्या कडेने जाते, त्याने तार ओढून ती बंद केली. जाब विचारायला गेलेल्या तरुणाला जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण झाली, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल आहे. बागायतदाराच्या संघाला गुप्त सूचना: केस मागे घेतली तर बारा फूट रुंद वाट कायमची आणि वर दोन लाख रुपये द्यायची तयारी. वस्तीच्या संघाला गुप्त सूचना: पावसाळ्याआधी वाट हवीच, जुनी मंडळी मिटवायला तयार आहेत, पण फिर्यादी तरुण केस सोडायला तयार नाही.

चार संघ, दोन टेबले. पहिल्या टेबलावर चाळीस मिनिटांत करार झाला. वाट बारा फूट, दोन लाख रुपये, आणि तिसऱ्या कलमात 'फिर्यादी आपली फिर्याद मागे घेईल'. दुसऱ्या टेबलावर वस्तीच्या संघाने, त्याच दोन मुलींनी, सुरुवातीलाच सांगितले की केस हा या टेबलावरचा विषय नाही, वाटेचे बोला. स्मशानभूमी आणि तिची वाट वापरायला अडथळा करणे हाच २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे वाट ही मेहेरबानी म्हणून आम्ही घेणार नाही, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या पदरात पडली आठ फुटांची वाट, तीही तहसीलदारांकडे नोंद होईपर्यंत एका वर्षाच्या लेखी संमतीची. पैसा एकही नाही.

परीक्षकांपैकी एका ज्येष्ठ वकिलांनी पहिल्या टेबलाला अधिक गुण दिले. त्यांचा युक्तिवाद होता की संपूर्ण वाद मिटला, गावात शांतता आली, पक्षकारांचे हित झाले. माथाडीवाल्या कार्यकर्त्यांनी गुणतक्त्यावर सही करायला नकार दिला. निकाल तासभर अडकला, मुले बाहेर ताटकळली, चहा दोनदा झाला. ज्येष्ठ वकिलांनी रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्याचा दाखला दिला, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तडजोडीनंतर अ‍ॅट्रॉसिटीचा खटला रद्द केला. दाखला खरा आहे, आणि आमच्या कार्यकर्त्यांनी तो नीट वाचला पाहिजे. परंतु तो अधिकार न्यायालयाचा आहे. गुन्हा मुळात खासगी वा दिवाणी स्वरूपाचा होता का, जातीमुळे घडला नव्हता ना, पीडिताची संमती दडपणाखाली तर नाही ना, हे न्यायालयाने तपासायचे असते. दोन वकिलांनी टेबलावर बसून दोन लाखांना ते ठरवायचे नसते. मध्यस्थता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनेच फौजदारी खटल्यांचे वाद मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत. अपवाद आहे तो न्यायालयाने पाठविलेल्या तडजोडयोग्य गुन्ह्यांचा आणि वैवाहिक प्रकरणांचा. आणि त्याहून जुना आधार प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी वाचलेला असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ चे उदाहरण असे आहे की चोरीला गेलेल्या वस्तूंची किंमत परत मिळते म्हणून दरोड्याचा खटला सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. एवढे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांना कळत होते. दरोड्याची केस विकता येत नाही, मग आमच्या तरुणाला झालेल्या मारहाणीची कशी विकता येईल?

शेवटी दुसऱ्या टेबलाच्या संघाला विजयी घोषित केले. पण दोष त्या ज्येष्ठ वकिलांचा नव्हता, आमचा होता. आम्ही गुणतक्ता बाहेरच्या स्पर्धांवरून जसाच्या तसा उचलला होता. त्यात तयारी, लवचिकता, सांघिक काम, फलनिष्पत्ती असे रकाने होते, आणि काय टेबलावर आणू नये याला एकही गुण नव्हता. पुढच्या वर्षाच्या तक्त्यात वीस गुण त्यासाठी राखले आहेत.

हा भेद मुलांना आताच शिकविणे का निकडीचे आहे, तेही सांगतो. मध्यस्थता कायद्याच्या कलम ४३ मध्ये सामुदायिक मध्यस्थतेची तरतूद आहे. परिसरातील शांतता आणि सलोख्याला बाधा आणू शकणारे वाद, दोन्ही बाजूंच्या संमतीने, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येतात. अशा मंडळावर समाजातली प्रतिष्ठित, सचोटीची माणसे घ्यावीत असे कायदा म्हणतो. कागदावर ठीक आहे. पण गावात प्रतिष्ठित कोण असतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही. अशा समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही, हे खरे. पण गावात हुकूमनाम्याची गरज कुणाला असते? त्या मंडळापुढे वस्तीच्या बाजूने बोलायला आणि प्रसंगी त्या मंडळावर बसायला आमचे वकील तयार नसतील तर ज्या बैठकीतून आम्ही बाहेर पडलो तीच बैठक सरकारी शिक्क्यानिशी परत येईल.

इतर जिल्ह्यांतील वकील बांधव विचारतात, खर्च किती आला? सभागृह एका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्याचे मिळाले. जेवण महिला मंडळाने केले. सर्वांत मोठा खर्च झेरॉक्सचा आणि बाहेरगावच्या मुलांच्या एसटी भाड्याचा. खरी अडचण पैशाची नाही, प्रकरणे लिहिण्याची आहे. एक चांगले प्रकरण लिहायला आम्हांला तीन आठवडे लागले. दोन्ही बाजूंच्या गुप्त सूचना अशा हव्यात की कुणीही निव्वळ खलनायक राहू नये आणि तरीही सत्य झाकले जाऊ नये.

बापू अंतिम फेरीला शेवटच्या रांगेत बसले होते. काही बोलले नाहीत. जाताना स्मशानवाटेच्या प्रकरणाची प्रत मागून घेऊन गेले. आठवड्याने कोर्टाच्या आवारात भेटले तेव्हा प्रत हातात होती आणि बागायतदाराच्या गुप्त सूचना लाल शाईने खोडल्या होत्या. म्हणाले, "तुमचा मालक फार सभ्य लिहिलाय. खरा मालक पहिल्या बैठकीला येतच नाही, पुतण्याला पाठवतो. पुढचं प्रकरण मी लिहितो."